आम्ही आणि आपण

मुळशी तालुक्यातील चांदे हे गाव हिंजवडीच्या संगणक उद्योगांपासून आणि पिरंगुटच्या कारखान्यांपासून फार दूर नाही. कामधंद्यासाठी या पट्ट्यात परप्रांतांतून अनेक कुटुंबे येतात. अशा भागातील वर्गात मराठी मुलाशेजारी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारे मूल बसलेले असू शकते. ते मूल मागे पडले, की ‘घरीही मराठीच बोला’ असा सल्ला आपण पालकांना देतो. हा सल्ला कितपत योग्य आहे?

प्रथम कानाचा विचार करू. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात केलेला एक प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक ओळखता येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्या बाळांना तो ओळखता आला. त्यांचे कान अधू झाले नव्हते. घरात उपयोगी न पडणाऱ्या भेदाकडे दुर्लक्ष करायला ती शिकली होती.

मात्र हे दार पुरते बंद होत नाही. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून हिंदी भाषक मूल सुरुवातीला ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणते. कन्नडमध्ये ‘ळ’ आहे, त्यामुळे कन्नड मुलाचे तिथे अडत नाही. लंगडी खेळताना मित्र ‘पळ, पळ!’ असे ओरडतात, तेव्हा हा आवाज नेमका गरजेच्या वेळी, पुन्हा पुन्हा कानावर पडतो. मैत्रीत चुकण्याची भीती कमी आणि बोलण्याची गरज मोठी असते.

दोन भाषांनी मुलाचा गोंधळ उडतो का? एके काळी तसे मानले जाई. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध केला. त्यात फ्रेंच व इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुले एकभाषक मुलांपेक्षा मागे नव्हती, उलट अनेक चाचण्यांत पुढे होती. असा फायदा नंतरच्या सर्वच अभ्यासांत दिसलेला नाही. पण दोन भाषांमुळे बुद्धीचे नुकसान होते, ही समजूत टिकली नाही. एका भाषेतील शब्दसंख्या कमी वाटली, तर दोन्ही भाषांतील शब्द मिळून मोजावेत.

आपल्याकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली त्यावर लिहिले. तेथे कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडे तेलुगू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत होते. त्यांच्या बोलींतील वाक्यरचना इतकी जुळत गेली, की एका बोलीतील वाक्य बहुधा शब्दास शब्द ठेवून दुसरीत नेता येई. तरीही ज्याने त्याने घरची भाषा सोडली नव्हती.

म्हणून घरची भाषा बंद करण्याचा सल्ला आम्हाला घातक वाटतो. आईचे मराठी मोडके असेल, तर गोष्टी सांगणे, कारणे समजावणे, प्रश्नांना उत्तरे देणे हे सारेच आटते. मराठी शाळेत आणि खेळात भरपूर मिळावे. घरी घरची भाषा मोकळेपणाने वाहावी.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ‘आपण खेळायला जाऊ’ आणि ‘आम्ही खेळायला जाऊ’ ही वाक्ये फळ्यावर लिहा. पहिल्यात ऐकणारा सामील आहे, दुसऱ्यात नाही. आता प्रत्येक मुलाला ती घरच्या भाषेत सांगू द्या. प्रमाण हिंदीत दोन्हीकडे ‘हम’ येईल, कन्नडमध्ये बहुधा ‘नावु’. तेलुगू मूल मात्र ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असे दोन शब्द सांगेल. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असावा, असे अनेक भाषातज्ज्ञ मानतात. उत्तरांचा तक्ता भिंतीवर लावा आणि मराठी मुलांनाही मित्राचे शब्द म्हणायला सांगा. परभाषक मूल त्या तासापुरते त्यांचे शिक्षक होईल.