पेठेचा फुटबॉल

कोल्हापुरातली फुटबॉलची मैदानं बघायला निघालेल्याने शाहू स्टेडियमवर थांबू नये, शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावरही जावं. इथला हौशी फुटबॉल प्रायोजकांवर नाही, पेठांवर जगतो. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या लीगमध्ये पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल असे संघ उतरतात, ते तालीम मंडळांचे. कुस्तीसाठी जमणाऱ्या पोरांना संघ आयताच मिळाला आणि संघाला प्रेक्षकही.

पेठापेठांमधल्या ईर्ष्येतून हुल्लडबाजी होते, हा आक्षेप खरा आहे. सामन्यांना गालबोट लागलेलं आहे. पण म्हणून संघाची पेठेशी नाळ तोडली तर स्टेडियम शांत होईल आणि रिकामंही. त्यापेक्षा दोषी संघाचे गुण कापावेत, ते पेठेला जास्त झोंबतं! दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव मूळचा कोल्हापूरचा, मात्र घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. म्हणजे पेठ वेड लावते, शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देत नाही. ही उणीव बारा-तेरा वर्षांच्या मुलांना सर्वाधिक भोवते, आणि मंडळांचा पैसा अजून मोठ्यांच्या संघावरच आधी खर्च होतो.