न पाहिलेल्याची साक्ष

आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये दर आठवड्याला एक तरी वाद शब्दांवरून होतो. एका बाजूला मराठी बोलणारे, दुसऱ्या बाजूला कन्नड बोलणारे आणि मध्ये आमटीचे पातेले. गेल्या पावसाळ्यात वाद पेटला तो अडकित्त्यावरून. आमचा एक मित्र म्हणाला, "सुपारी त्यात अडकते म्हणून अडकित्ता. यात कानडी कुठून आले?" समोरचा शांतपणे म्हणाला, "अरे, आमच्यात सुपारीलाच अडके म्हणतात." क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग दोन्हीकडून आवाज चढले. आपल्या भागात असा वाद नुसता शब्दाचा राहत नाही हे सांगायला नकोच. शब्द कोणाचा यावरून भाषा कोणाची जुनी, आणि भाषेवरून गाव कोणाचे, इथवर पोचायला ताटातली भाकरी संपावी लागत नाही.

मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. मला त्या रात्री वाटले ते असे की, 'अडकित्ता' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा तिथे आमच्यापैकी कोणीच हजर नव्हते. पण पृथ्वी जन्मली तेव्हाही कोणी हजर नव्हते, आणि तरी तिचे वय शास्त्रज्ञांनी काढले आहे. ते कसे काढले, आणि तीच रीत शब्दांना लागू पडते का, या कुतूहलापोटी जे वाचले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की, दिसण्यावर जाऊ नये. इंग्रजीतला 'बॅड' आणि फारसीतला 'बद' (जो आपल्या बदनाम, बदमाश यांत आहे) अर्थाने व उच्चाराने सख्खे भाऊ वाटतात. पण त्यांचा काही संबंध नाही, केवळ योगायोग आहे. उलट आपले 'चक्र' आणि इंग्रजांचे 'व्हील' एकाच मुळातून आले आहेत, आणि त्यांत आज एकही वर्ण सारखा उरलेला नाही. मग नाते ठरवायचे कशावरून? भाषाशास्त्रज्ञ साम्य शोधत नाहीत, नियमित फरक शोधतात.

याचे उत्तम उदाहरण आमच्या कन्नड मित्रांच्या ताटातच आहे. कन्नडात दुधाला 'हालु', वाघाला 'हुलि', दाताला 'हल्लु', दहाला 'हत्तु'. तमिळमध्ये हेच शब्द पाल्, पुलि, पल्, पत्तु असे आहेत. एखाद्या शब्दात असे झाले असते तर योगायोग म्हटले असते. पण कन्नडात जिथे आरंभी 'ह' तिथे तमिळमध्ये 'प', हे ओळीने दिसते. तेव्हा दोहोंपैकी कोणी तरी बदलले. कोण? जुने कन्नड शिलालेख याचे उत्तर देतात, कारण त्यांत 'प'च आहे. साधारण दहाव्या शतकापासून 'ह' दिसू लागतो आणि चौदाव्यापर्यंत तो सगळीकडे पसरलेला असतो. पंपाक्षेत्राचे हंपी झाले ते याच वाटेने.

आता गंमत पाहा. सणाला कन्नडात 'हब्ब' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'पर्व' यावरून आला. म्हणजे तो 'प'चा 'ह' होण्याआधीच कन्नडात शिरला असला पाहिजे, नाहीतर तो या फेऱ्यात सापडला नसता. पण त्याच कन्नडात 'पर्व' हा शब्द जसाच्या तसाही वापरतात. तो ग्रंथांतून, पंडितांच्या तोंडून आलेला. एकच शब्द दोनदा आला आणि दोन थरांत बसला. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी हे ऐकून लगेच मान डोलावील, कारण त्याचे सारे शास्त्रच थरांवर उभे आहे. गोकाकच्या धबधब्याखालचा वालुकाश्म जुना, आणि बेळगावच्या बाजूचा काळा दगड त्यामानाने कालपरवाचा.

पण नियम म्हटला की अपवाद आलेच. अपवाद दिसला की सामान्य माणूस म्हणतो, "चालायचेच!" संशोधक मात्र तिथेच बैठक मारतो. याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार संस्कृतातल्या 'त'च्या जागी जर्मन कुळातल्या भाषांत 'थ' यायला हवा. 'भ्राता' या शब्दाला जुन्या गॉथिक भाषेत 'ब्रोथर' आहे, ठीक. पण 'पिता' याला 'फाथर' हवे होते, तिथे 'फादर' असे 'द'कारयुक्त रूप आहे. पन्नासएक वर्षे हा काटा सलत राहिला. मग डेन्मार्कच्या कार्ल वेर्नरने 1875 मध्ये त्याचे कारण शोधले. वेदपठणात 'भ्राता' शब्दात उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर येतो आणि 'पिता' शब्दात दुसऱ्यावर. स्वराघात लगेच आधी असेल तर 'थ', नसेल तर 'द'. जर्मन कुळातल्या भाषांनी तो जुना स्वराघात केव्हाच टाकून दिला होता. त्याचा पुरावा उरला होता आपल्या वैदिकांच्या घोकंपट्टीत! अपवाद नियम मोडीत नव्हता, तो दुसऱ्या एका नियमाकडे बोट दाखवीत होता.

पदार्थविज्ञानातली कथा याच्या उलट आहे. तिथे नियम पक्का होता आणि फसगत झाली ती दुसरीकडेच. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1862 मध्ये पृथ्वीचे वय काढायला घेतले. खाणीत खोल जावे तसतशी उष्णता वाढते. वितळलेला गोळा थंड होत होत आजच्या स्थितीला यायला किती काळ लागेल, याचे त्यांनी गणित केले आणि उत्तर काढले 2 कोटी ते 40 कोटी वर्षे. पुढे 1897 पर्यंत ते 2 ते 4 कोटींवर आले. भूगर्भशास्त्रज्ञ हवालदिल झाले, कारण गाळाचे इतके जाड थर एवढ्या काळात साचणे त्यांना पटेना. पण केल्विनच्या गणिताला आव्हान कोण देणार?

आव्हान दिले त्यांच्याच हाताखाली पूर्वी काम केलेल्या जॉन पेरी यांनी, 1895 मध्ये. ते म्हणाले, गणित बिनचूक आहे, पण पृथ्वी आतून दगडासारखी स्थिर आहे हे कोणी पाहिले? पातेल्यातले पाणी तापताना खालचे वर येते तसे आतले द्रव्य अगदी सावकाश का होईना फिरत असेल, तर वय 200 ते 300 कोटींपर्यंतही जाऊ शकेल. त्या वेळी फारसे कोणी ऐकले नाही. बहुतेक पुस्तकांत लिहितात की बेकेरलने 1896 मध्ये किरणोत्सर्ग शोधला, पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा नवा उगम सापडला आणि केल्विन खोटे ठरले. हे अर्धेच खरे. किरणोत्सर्गाची उष्णता जमेस धरली तरी केल्विनचे उत्तर फारसे बदलत नाही. खरी चूक पेरींनी दाखवलेलीच होती. किरणोत्सर्गाने दिले ते घड्याळ.

त्या घड्याळाची रचना सोपी आहे. झिरकॉन नावाचा खनिजाचा खडा घडताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळजवळ घेतच नाही. नंतर त्यात जे शिसे सापडते ते युरेनियमचा क्षय होऊन झालेले. युरेनियमचे दोन प्रकार आहेत: एकाचा निम्मा भाग सुमारे 447 कोटी वर्षांत संपतो, दुसऱ्याचा सुमारे 70 कोटी वर्षांत. म्हणजे एकाच खड्यात वेगवेगळ्या चालीची दोन घड्याळे. दोघांनी एकच वेळ दाखवली तर विश्वास ठेवावा. न दाखवली तर मध्येच शिसे गळाले काय याचा शोध घ्यावा. शिशाच्याच अभ्यासातून, उल्का हाताशी घेऊन, क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे ठरवले. ते आजही जवळजवळ तसेच आहे.

आपल्या पायाखालचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा लाव्हा, याच रीतीने सुमारे 6.6 कोटी वर्षांचा ठरला. त्यात आणखी एक साक्षीदार दडला आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राचा कल धरून ठेवतात, आणि हा कल अक्षांशावर अवलंबून असतो. बेळगावच्या अक्षांशाला तो क्षितिजाखाली सुमारे 30 अंश असायला हवा. दख्खनच्या दगडातला कल मात्र विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे 30 अंश अक्षांशाला शोभणारा निघतो. 1956 मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या दगडांवरून असेच काही मांडले, तेव्हा खंड सरकतात हे मानायला बरेच विद्वान तयार नव्हते. पण 1963 मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, तोही आपल्याच पश्चिमेच्या सागरातल्या कार्ल्सबर्ग रांगेवरून. जमिनीवरचा दगड आणि समुद्राचा तळ यांनी एकमेकांशी संगनमत केले असण्याचा संभव नाही.

आता एक कडू घोट आमच्या मराठी बाजूने घ्यायचा. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत कोरलेले वाक्य आहे, शेजारी कन्नड व तमिळ लेख आहेत. मूर्ती चामुंडरायाने करवली, असे ते वाक्य सांगते. शाळेत आम्ही ते 983 सालचे आणि म्हणून मराठीतले आद्य वाक्य म्हणून पाठ केले. पण लेखावर साल नाही. 983 हे मूर्तीच्या काळावरून घेतलेले. खालच्या दुसऱ्या ओळीत गंगराजाने बांधकाम केल्याचे लिहिले आहे, आणि हा गंगराज बाराव्या शतकातला. दोन्ही ओळींचे वळण सारखे आहे. तेव्हा दोन्ही बाराव्या शतकात कोरल्या गेल्या असे अनेक अभ्यासक मानतात, आणि अलिबागजवळच्या आक्षी येथील शिळेला, जिच्यावर शके 934 म्हणजे 1012 साल वाचले जाते, पहिला मान देतात. मूर्ती घडली तेव्हाच अक्षरेही कोरली, हे आपण न तपासता धरून चाललो होतो. केल्विनच्या थंड गोळ्याची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

अडकित्त्याचे काय? ज्या भाषेत शब्दाचे तुकडे पडून त्यांना अर्थ राहतो, ती बहुधा त्याचे माहेर. 'अडके' म्हणजे सुपारी आणि पुढे कापण्याच्या हत्याराचे नाव, असे कन्नडात दोन्ही तुकडे बोलतात. आपल्या 'अडकणे' या क्रियापदाने पहिला तुकडा कसाबसा सांभाळला, पण 'कित्ता' उघडा पडतो. हा निकाल आमच्या मित्राने मोठ्या मनाने मान्य केला. वर अट घातली की 'हब्ब' संस्कृतातून गेला हे समोरच्यांनीही मान्य करावे. त्यांनी केले.

परवा नवा वाद निघाला, अक्का या शब्दाचा. कन्नड व तमिळमध्ये थोरली बहीण म्हणजे अक्का हे ठाऊक होते. तेलुगू रूप हवे होते. एकाची मावशी हैदराबादला असते, तिला विचारले, तिथेही अक्काच. कन्नड बाजू टाळ्या वाजवू लागली. पण मामा, काका, बाबा, अक्का असे तान्ह्या मुलांच्या तोंडचे शब्द जगभर आपोआप सारखे होतात, त्यामुळे अशा साक्षीदाराचे वजन कमी धरावे लागते, हे सांगितल्यावर टाळ्या थांबल्या. प्रकरण अजून चालू आहे.