टाउन हॉल ते महापालिका : मुंबईच्या दोन सभागृहांचा मागोवा

शहरासाठी एक भव्य सार्वजनिक इमारत हवी, ही कल्पना मुंबईत १८११ साली पुढे आली. ती मांडणारे सर जेम्स मॅकिंटॉश हे तेव्हा मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश होते. लिटररी सोसायटी त्यांनीच १८०४ साली स्थापन केली होती आणि तिच्या ग्रंथांना व बैठकांना हक्काची जागा हवी होती. कल्पनेला विरोध नव्हता, पण पैसाही नव्हता. तेव्हा लॉटरीतून भांडवल जमवायचं ठरलं. १८२१ साली काम सुरू झालं, पण जमलेली रक्कम पुरली नाही आणि बांधकाम अडून राहिलं. अखेर मुंबई सरकारने पुढचा खर्च उचलला, मात्र बदल्यात इमारतीत आपल्या कचेऱ्यांसाठी जागा मागून घेतली. टाउन हॉल पूर्ण झाला तो १८३३ साली.

फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीची म्हणून आज आपण ओळखतो तीच ही वास्तू. आराखडा बॉम्बे इंजिनिअर्सच्या कर्नल थॉमस काउपर यांचा. समोर ग्रीक धाटणीचे आठ डोरिक खांब आणि दाराशी नेणाऱ्या तीस पायऱ्या. सौंदर्याच्या बाबतीत मुंबईत तिला तोड नाही, असं मला आजही वाटतं. पण तिच्या जन्मकथेत सरकारने घातलेली ती अट मला फार मोलाची वाटते. नागरिकांच्या उपयोगासाठी योजलेली वास्तू सरकारी तिजोरीने पुरी केली आणि तिजोरीवाल्याने आत आपली टेबलं मांडली. सार्वजनिक इमारतींच्या बाबतीत आपल्याकडे हे पुढेही घडत आलं आहे.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. कंपनीचं राज्य संपून राणीचं राज्य सुरू झाल्याची ती द्वाही होती. बोलणारे वरती, ऐकणारे खाली. तरीही टाउन हॉलने शहराला काही दिलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. एल्फिन्स्टन, माल्कम अशा गव्हर्नरांच्या पुतळ्यांबरोबर तिथे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचाही पुतळा उभा राहिला. शाळा, रेल्वे, नगरव्यवस्था, मुंबईचं असं एकही मोठं काम नव्हतं ज्यात नानांचा हात नव्हता, आणि शहराने तो मान त्यांना दिला. शहरातल्या नागरिकांची सभा शेरीफने बोलवायची, ही प्रथाही त्याच काळातली.

कोल्हापूरचा टाउन हॉल याच कुळातला. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर तो १८७२ ते १८७६ या काळात उभा राहिला. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे आणि मुंबईच्या टाउन हॉलात ग्रंथालय. दोन्ही इमारती जपल्या गेल्या, याचा आनंद आहेच. पण शहराने बसून आपल्या कारभाराचं बोलायचं ते ठिकाण दोन्हीकडे दुसरीकडेच गेलं.

मुंबईत ते का गेलं, याची गोष्ट कापसापासून सुरू होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली युद्ध थांबताच बाजार कोसळला. त्याच वर्षी नव्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड पालिका आयुक्त झाले. रस्ते, गटारं, मंडई अशी कामं त्यांनी झपाट्याने केली. मंडईला तर त्यांचंच नाव लागलं. पण खर्चाला लगाम राहिला नाही, पालिका कर्जात बुडाली आणि १८७१ साली करदाते खवळले. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी आपलं म्हणणं मांडलं : दोष एका माणसावर टाकून भागणार नाही, करदात्यांनी निवडलेली सभा हवी आणि अंमलबजावणीसाठी एक जबाबदार अधिकारी हवा. सभागृहाला ते रुचलं नाही. पण १८७२ चा कायदा बराचसा याच वाटेने गेला. चौसष्ट सभासदांची सभा झाली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले.

एवढी मोठी सभा आणि तिला शोभेलसं घर नाही. पालिकेची पहिली कचेरी गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या इमारतीत होती. १८७० साली ती एस्प्लनेडवर, वॉटसन हॉटेल आणि ससून इन्स्टिट्यूट यांच्या मधल्या जागेत आली. शेवटी १८८४ च्या डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बोरीबंदरजवळ नव्या इमारतीची कोनशिला बसली. निवड अगदी योग्य होती, कारण स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव रिपन यांचाच. हिंदुस्थान सोडून जाताना त्यांनी मुंबईच्या लोकसभागृहाचा दगड बसवावा, यात औचित्य होतं.

पण कोनशिला बसली म्हणून भिंती उभ्या राहत नाहीत. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २५ एप्रिल १८८९ उजाडावं लागलं. मधल्या काळात आराखड्यांची निवड झाली. रॉबर्ट चिझम यांनी भारतीय-इस्लामी वळणाची इमारत सुचवली होती, तर शेजारचं व्हिक्टोरिया टर्मिनस ज्यांनी घडवलं त्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी गॉथिक. पसंती स्टीव्हन्सना मिळाली. त्यांनी घुमट आणि कमानींत पौर्वात्य वळण मिसळलंच. दर्शनी भागावर पंख असलेली एक आकृती आहे आणि तिच्याशी मुंबईला हिंदुस्थानचं पहिलं शहर म्हणणारी लॅटिन बिरुदावली. कंत्राटदार होते व्यंकू बाळूजी कालेवार. या शहराच्या दगडी इमारतींवर राबलेल्या असंख्य कामाठ्यांची, पाथरवटांची नावं कुठल्याच कोनशिलेवर नाहीत, हेही इथे नोंदवायला हवं.

३१ जुलै १८९३ रोजी काम संपलं. मंजूर रक्कम होती ११,८८,०८२ रुपये आणि खर्च आला ११,१९,९६९ रुपये, म्हणजे ६८,११३ रुपये वाचले. सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात ही नोंद सोन्याच्या अक्षरांनी लिहावी अशी आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी लॉटरी काढूनही टाउन हॉलचा पैसा पुरला नव्हता. करदात्यांच्या प्रतिनिधींनी पै-पैचा जाब विचारला की काय फरक पडतो, ते या दोन हिशोबांतून दिसतं. आतलं सभागृह ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद आणि ३८ फूट उंच.

१८८८ च्या कायद्याने सभासद बहात्तर केले : छत्तीस करदात्यांचे, सोळा जस्टिस ऑफ द पीसचे, दोन विद्यापीठाचे, दोन चेंबर ऑफ कॉमर्सचे आणि सोळा सरकारनियुक्त. म्हणजे निम्म्या खुर्च्या अजून लोकांच्या नव्हत्या, आणि लोक म्हणजे तरी कर भरणारे. तरीही या सभेचा उपयोग लवकरच दिसला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत आलेली तापाची साथ ही गाठीच्या प्लेगची आहे, हे ओळखून धैर्याने जाहीर करणारे डॉ. अकासियो व्हिएगस पालिकेचे सभासद होते. बंदराचा व्यापार बसेल या भीतीने गप्प राहणं सोपं होतं. ते गप्प राहिले नाहीत. पुढे ते पालिकेचे अध्यक्ष झाले. अध्यक्षाला ‘महापौर’ म्हणायला सुरुवात झाली १९३१ मध्ये, आणि प्रत्येक प्रौढाच्या मताने निवडलेली सभा या दालनात आली ती १९४८ मध्ये.

७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. इमारत उजळलेली, पर्यटकांनी भरलेली, आणि सभागृह मात्र वर्षानुवर्षं सभासदांवाचून राहिलं. हे मला फार लागलं. फिरोजशहांचा पुतळा त्याच इमारतीसमोर उभा आहे.

भोर तालुक्यातल्या भोंगवलीत बसून मुंबईचा हा इतिहास का आठवावा? कारण मुंबईकर मतदार त्या देखण्या सभागृहात फार तर प्रेक्षक म्हणून बसू शकतो. भोंगवलीचा मतदार कायद्यानेच ग्रामसभेचा सभासद आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने त्याला उभं राहून हिशोब विचारण्याचा हक्क दिला, आणि १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळवून दिलं. बायकांची सभा आधी घ्यायची तरतूदही आहे. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेव्हा गावात पंचायतीची नवी इमारत काढायची ठरली, तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या खोल्या आखण्याआधी शंभर माणसं, त्यातही बायका पुढे, मांडी घालून नीट बसतील एवढं दालन नकाशावर काढायला लावावं. नकाशा मंजूर होण्याआधी तो ग्रामसभेपुढे आणावा, आणि काम संपल्यावर मंजूर रक्कम नि झालेला खर्च शेजारी शेजारी भिंतीवर लिहावा.