फळांची चित्रं प्रिंट काढून मुलांना रंगवायला देताय?

परवा चार वर्षांची भाची रंगवायला बसली. पानावर स्ट्रॉबेरी, किवी, चेरी. तिनं विचारलं, "मावशी, यात जांभूळ कुठंय?"

खरंच नव्हतं. मग मीच काढून दिलं.

मी बालवाडीत शिकवते, म्हणून अनुभवाचं सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाला ए-४ कागदावर एकच मोठं फळ द्या, बाहेरची रेघ जाड ठेवा. या वयात हात मनगटापेक्षा खांद्यातून जास्त फिरतो. बारीक कप्पे दिले की मूल कंटाळतं. आंबा, केळं, पेरू आधी. सीताफळाचे खवले पाच वर्षांनंतर.

इंकजेट प्रिंटवर जलरंग लावले तर बऱ्याचदा काळी रेघ पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा. नेहमीच्या ७०-७५ जीएसएम कागदावर मेणाचे खडू उत्तम. स्केचपेन मागं उमटतं.

आणि मोसम असेल तर खरं फळ शेजारी ठेवाच. जांभूळ आधी हिरवं, मग गुलाबी, पिकल्यावर काळसर जांभळं. भाचीनं एकाच घोसात तिन्ही रंग भरले!

करवंद, फणस, काजूचं बोंडही काढून ठेवलंय. तुमच्या मुलांना कोणतं फळ हवंय? कमेंटमध्ये सांगा, काढून पाठवते.