लॅव्हेंडर नको, कण्हेर लावा!

पाणी जपून वापरण्याच्या सूचना येऊ लागल्या की टेक्ससमधल्या शुगर लँडसारख्या गावात बागेचा विषय निघतो आणि गाडी हमखास लॅव्हेंडरवर येते. भूमध्य सागराकाठचं झुडूप, म्हणजे दुष्काळ सोसणारं, असा हिशेब. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मार्सेयचा जुलै तर जवळजवळ कोरडाच. शुगर लँडला वर्षाकाठी साधारण १,२५० मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बराचसा ऐन उकाड्यात. जमीन ब्राझोस नदीच्या पूरमैदानातली चिकण. भिजली की ओल सोडत नाही आणि सुकली की विदर्भातल्या काळ्या रानासारखी भेगाळते. इथे लॅव्हेंडर तहानेनं कमी आणि मुळं कुजून जास्त मरतं. पानं मलूल दिसली की मालक आणखी पाणी घालतो, म्हणजे उरलासुरला जीवही जातो.

म्हणून भूमध्य प्रदेशातली सगळी झुडपं बाद ठरवायचं कारण नाही. लॅव्हेंडर आणि सिस्टस ही खडकाळ उतारावरची. तिथं पाणी थांबतच नाही. कण्हेर आणि निर्गुडीची सख्खी बहीण शोभावी अशी व्हायटेक्स ही मात्र ओढ्या-नाल्यांच्या पात्रातली. हिवाळ्यात लोंढा, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडं पात्र, हे त्यांचं रोजचं जगणं. शुगर लँडनं २०११ चा भीषण दुष्काळ पाहिला आणि २०१७ मध्ये हार्वे वादळाचा पूरही. अशा गावाला उतारावरचं नव्हे, पात्रातलं झुडूप हवं. जवळच्या गॅल्व्हेस्टनमध्ये कण्हेर १८४१ मध्ये आली. १९०० च्या महावादळानंतर शहराची जमीन भर घालून उंच केली, त्या खारट भरावातही ती तगली. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत अनेक ठिकाणी ती जमिनीलगत जळाली, पण पुढे बुंध्यातून फुटली.

यावर आक्षेप आहेत. उंच वाफ्यात खडी घालून लॅव्हेंडर जगवता येतं, हे खरं. रोझमेरी तर तशी बरी वाढते. पण दमट रात्री वाफा उंच करून टळत नाहीत, आणि कमी कष्टाची म्हणून निवडलेली बाग सतत निगराणी मागू लागते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी. लहान मूल किंवा कुत्रा असलेल्या घरात ती लावूच नये, आणि छाटलेल्या फांद्या कुठेही जाळू नयेत. व्हायटेक्सचा ‘शोल क्रीक’ वाण टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या शिफारस यादीत आहे, तरी तिचं बी पसरून ओढ्याकाठी रान माजतं. फुलं सुकताच तुरे कापायला हवेत. हेही नको असेल तर टर्क्स कॅप हे स्थानिक झुडूप उत्तम. सोसायटीची हरकत हा मात्र आता मोठा अडसर नाही. घरमालकांच्या संघटनांना कमी पाण्याच्या बागेवर सरसकट बंदी घालता येत नाही, असा कायदा टेक्ससनं २०१३ मध्येच केला. आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागेल, एवढंच.

तेव्हा लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, पहिला उन्हाळा नियमित पाणी द्या आणि रोप विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारा: हे मूळचं उतारावरचं की ओढ्याकाठचं?