शेवंतीचे दिवे आणि टायमर

मुलांनो, लग्नाच्या मंडपात किंवा फुलबाजारात तुम्ही शेवंती पाहिली असेल. उर्दूत तिला गुल-ए-दाऊदी म्हणतात. रात्री लांब होऊ लागल्या, की शेवंतीला कळ्या येतात. काही झाडांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिले. पुढे असे कळले, की झाड खरे तर रात्रीचा अंधार मोजते.

पॉलिहाउसमध्ये शेवंती लावणाऱ्या शेतकऱ्याला लगेच कळ्या नको असतात. आखूड दांड्याच्या फुलाला चांगला भाव मिळत नाही. म्हणून तो रोपांवर दिवे टांगतो आणि रात्री साधारण दहा ते दोन या वेळेत लावतो. मधेच उजेड पडल्याने लांब रात्रीचे दोन तुकडे होतात. मग रोप कळ्या न धरता उंच वाढत राहते.

पण रोज रात्री दहाला आणि दोनला उठून बटण कोण दाबणार? हे काम टायमर करतो. मात्र टायमर निवडताना चूक झाली, तर सगळे पीक हातचे जाऊ शकते.

स्वस्त टायमरला एक गोल तबकडी असते. तिच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खिट्ट्या असतात. तबकडी विजेवर फिरते. वीज गेली, की ती थांबते आणि वीज आली, की तिथूनच पुढे फिरू लागते. समजा, रोज तीन तास वीज जाते. तीन दिवसांत हा टायमर नऊ तास मागे पडेल. रात्री दहाला लागायचे दिवे सकाळी सातला लागतील! तेव्हा ऊन आलेले असते. रात्र मात्र सलग अंधारात गेलेली असते. असे काही दिवस चालले, तर बुटक्या रोपांनाच कळ्या येतात.

म्हणून बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. वीज नसतानाही त्याचे घड्याळ चालू राहते. (दिवे मात्र वीज आल्याशिवाय लागणार नाहीत, हे उघड आहे.) तो तपासणे सोपे आहे. आधी बॅटरी चार्ज होऊ द्या. मग वेळ लावून प्लग काढा आणि टायमर रात्रभर तसाच ठेवा. सकाळी त्यातली वेळ बरोबर असली, तर बॅटरी चांगली आहे. वेळ लावताना रात्रीचे दहा म्हणजे २२ वाजले, हे विसरू नका. नाहीतर दिवे सकाळी दहाला लागतील.

दुसरी गोष्ट भाराची. टायमरवर १६ अँपिअर लिहिले असेल, तर २३० व्होल्टवर हिशेब ३६८० वॅटचा होतो. नऊ वॅटचे १०० एलईडी दिवे म्हणजे फक्त ९०० वॅट. मग काळजी कसली? एलईडी दिवे लागतात त्या क्षणी विजेचा मोठा झटका बसतो. रोजच्या झटक्यांनी टायमरच्या आतले संपर्क एकमेकांना चिकटू शकतात. मग दिवे विझतच नाहीत! म्हणून खूप दिवे असतील, तर जाणकार वायरमनकडून मधे कॉन्टॅक्टर बसवून घेतात. टायमर लहानसा प्रवाह देऊन कॉन्टॅक्टरला चालू-बंद करतो आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टर सोसतो. पॉलिहाउसमध्ये दमट हवा असते, म्हणून ही पेटी बाहेर, पावसापासून सुरक्षित जागी लावतात.

एवढे करूनही अनुभवी शेतकरी अधूनमधून रात्री दोननंतर बाहेर येतो आणि दिवे विझले आहेत ना, हे डोळ्यांनी पाहतो.