झिर्कोनियाची किमया : वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा गेज

एक लिटर पेट्रोल पूर्ण जाळायचे तर साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. वजनात सांगायचे तर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. ६,००० आरपीएमवर फिरणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनाचा एकेक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा पेटतो आणि दर वेळी हा हिशेब नव्याने जमवावा लागतो. पेट्रोल गरजेपेक्षा जास्त पडले तर मिश्रण ‘रिच’ झाले, कमी पडले तर ‘लीन’. रिच चालणारी गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल पिते, इंजिन ऑइल पातळ करते. टर्बो इंजिन फुल थ्रॉटलवर लीन झाले, तर नॉकिंग सुरू होऊन पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला काही सेकंद पुरतात.

जुने ट्यूनर स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघत. काजळी धरलेला म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. हे ज्ञान खरे होते, पण प्लगवर साऱ्या फेरीचा ठसा एकत्रच उमटतो. ३,५०० आरपीएमला, अर्ध्या थ्रॉटलवर, त्या क्षणी काय घडले हे वाचायला एक्झॉस्टमध्येच कोणीतरी बसलेले हवे. वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर तिथेच बसतो. डॅशबोर्डवरचा गेज घ्यायला निघालेल्या माणसाने आधी या सेन्सरचे काम समजून घ्यावे. तेवढे समजले की गेजची निवड निम्मी झालीच.

दिव्यातून गाडीत

या सेन्सरचा जीव झिर्कोनियात, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकमध्ये आहे. त्यात थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळतात. झिर्कोनियमच्या अणूची जागा यिट्रियमने घेतली की स्फटिकाच्या रचनेत ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. थंड असताना हा पदार्थ वीजरोधक असतो. साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे मात्र ऑक्सिजनचे आयन एका रिकाम्या जागेतून दुसरीत सरकू लागतात. एरवी वायूचा एक कणही आत न शिरू देणारी ती भरीव भिंत तापली की फक्त ऑक्सिजनला वाट देते.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८९७ मध्ये याच जातीच्या सिरॅमिकचा विजेचा दिवा तयार केला होता. तो आधी तापवावा लागे, मग झळाळून पेटे. टंगस्टनच्या तारेपुढे तो दिवा टिकला नाही. मात्र याच नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेले समीकरण टिकले. भिंतीच्या दोन बाजूंना ऑक्सिजनचे प्रमाण वेगळे असेल, तर त्या फरकातून किती व्होल्टेज निर्माण होईल हे ते समीकरण सांगते. १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल नेर्न्स्ट यांना मिळाले.

पुढची हाक लॉस एंजेलिसच्या धुरक्याने दिली. गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ते धुरके बनते, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. १९७० मध्ये अमेरिकेत कडक क्लीन एअर अॅक्ट आला. धुरातले तीन मुख्य विषारी घटक एकदम निपटणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तयार झाला, पण त्याची अट अवघड होती. मिश्रण नेमक्या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच तो नीट चालतो. ते प्रमाण क्षणोक्षणी तपासण्यासाठी बॉशने नेर्न्स्ट यांच्या समीकरणावर चालणारा लॅम्डा सेन्सर बनवला आणि १९७६ मध्ये तो अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत बसला.

फक्त बाजू सांगणारा सेन्सर

लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष आत गेलेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा. लॅम्डा १ म्हणजे बरोबर, १ पेक्षा कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन. पहिल्या पिढीचा हा सेन्सर, ज्याला आज नॅरोबँड म्हणतात, रिच मिश्रणात सुमारे ०.९ व्होल्ट देतो आणि लीन मिश्रणात सुमारे ०.१ व्होल्ट. लॅम्डा १ ओलांडताना तो एकदम उडी मारतो.

ही उडी इतकी मोठी का, हे समीकरणातच कळते. ७०० अंशांना ०.९ व्होल्ट मिळतात, याचा अर्थ एक्झॉस्टच्या बाजूचा मुक्त ऑक्सिजन बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या १ भागिले १ वर अठरा शून्ये, याहूनही कमी उरलेला असतो. सेन्सरवरच्या प्लॅटिनमच्या थरावर रासायनिक क्रिया पुऱ्या होतात आणि ऑक्सिजन जवळजवळ संपतो. हा फरक एका सिरॅमिकच्या तुकड्याला कळतो, हीच मोठी नवलाची गोष्ट.

कन्व्हर्टर सांभाळायला एवढे पुरते. ट्यूनिंगला नाही. नॅरोबँडला ‘रिच आहे’ एवढेच कळते, किती रिच ते नाही. पूर्ण ताकदीसाठी टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला साधारण ०.८५ ते ०.९० लॅम्डा लागतो, टर्बो इंजिनाला जोरात असताना त्याहूनही थोडा रिच, आणि हायवेवर एका चालीत जाताना १ च्या आसपास. यातला ०.८५ आणि ०.७५ मधला फरक नॅरोबँडला जवळपास दिसत नाही.

तराजूचे तंत्र

वाइडबँडमध्ये झिर्कोनियाच्या दोन पेशी असतात आणि त्यांच्यामध्ये १० ते ५० मायक्रोमीटरची बारीक फट. एक्झॉस्टचा वायू एका सच्छिद्र अडथळ्यातून हळूहळू या फटीत झिरपतो. पहिली पेशी नेर्न्स्टची, ती फटीतले मिश्रण लॅम्डा १ वर आहे की नाही एवढेच बघते. दुसरी पेशी पंप. तिला वीज दिली की ती फटीतला ऑक्सिजन बाहेर ओढते, विजेची दिशा उलटवली की आत ढकलते. सेन्सर चालवणाऱ्या कंट्रोलरचे काम एकच : नेर्न्स्ट पेशी ०.४५ व्होल्टवर, म्हणजे लॅम्डा १ वर, स्थिर राहील एवढीच वीज पंपाला देत राहणे.

मिश्रण लीन असेल तर पंपाला ऑक्सिजन बाहेर काढावा लागतो, रिच असेल तर आत आणावा लागतो. नेमके असेल तेव्हा पंपाची वीज शून्य. वाणी तराजूचा काटा मध्यावर येईपर्यंत वजने ठेवतो आणि शेवटी वजने मोजतो, तशीच इथे पंपाची वीज मोजली जाते. ती मिलीअँपिअरमध्ये असते. मोजमापाची ही पद्धत इतकी भरवशाची ठरली, याचे कारण नेर्न्स्ट पेशीला मोठे आकडे मोजायचे नसतात. ती जिथे सर्वांत तीक्ष्ण आहे त्या एकाच बिंदूवर तिला धरून ठेवलेले असते.

१९९२ मध्ये होंडाने सिव्हिक व्हीएक्स या लीन-बर्न गाडीत एनटीके कंपनीचा पाच तारांचा असा सेन्सर दिला. १९९४ मध्ये बॉशची एलएसयू मालिका आली. आज बाजारातले बहुतेक ट्यूनिंग गेज याच मालिकेच्या ४.२ किंवा ४.९ सेन्सरवर चालतात.

गेज निवडताना

सर्वांत आधी सेन्सरचे मॉडेल विचारावे. एलएसयू ४.२ तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा आपल्या तारांमधूनच आत घेतो. ती हवा तेलाच्या वाफेने किंवा धुराने बिघडली तर आकडा सरकतो. ४.९ हा संदर्भाचा ऑक्सिजन स्वतःच पंप करून तयार करतो, त्यामुळे वय वाढले तरी तो जास्त स्थिर राहतो. आज नवा गेज घेताना ४.९ चाच घ्यावा. दोन्हींचे तापमान राखायचे गणित वेगळे आहे : ४.२ ला सुमारे ७५० अंश, ४.९ ला सुमारे ७८० अंश. म्हणून एकाच्या कंट्रोलरला दुसरा सेन्सर कधीही जोडू नये.

सेन्सरचा कनेक्टर हातात घेऊन बघण्यासारखा असतो. सेन्सरमधून पाच तारा निघतात, कनेक्टरला मात्र सहा पिना. जास्तीची पिन आत दडलेल्या छोट्या रेझिस्टरची. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याच्या स्वभावाप्रमाणे या रेझिस्टरची किंमत लेझरने ठरवलेली असते. तार लांब करायची म्हणून कोणी कनेक्टर कापला, तर त्या सेन्सरचे कारखान्यातले कॅलिब्रेशनच कापले जाते. वायर लांबवायची तर योग्य हार्नेस विकत घ्यावा. बनावट सेन्सरही विकले जातात, त्यामुळे खरेदी ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी.

दुसरी गोष्ट कंट्रोलर. सेन्सरला तापवणारा हीटर तो चालवतो, पंपाची वीज तोच मोजतो, आकडा त्याचाच असतो. डायल फक्त तो आकडा दाखवतो. काही कंट्रोलरना सेन्सर एक्झॉस्टबाहेर काढून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावा लागतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तोच तिथला मापदंड. अशा गेजमध्ये हे काम नेमाने करावे, आणि बंद गॅरेजमध्ये, शेजारी गाडी चालू असताना कधीच करू नये. ४.९ वर चालणारे काही गेज कारखान्यातल्या रेझिस्टरवरच विसंबतात आणि त्यांना ही कसरत लागत नाही.

तिसरी गोष्ट आउटपुट. गेजचा आकडा ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत, किंवा नोंद ठेवणाऱ्या लॉगरपर्यंत पोचला पाहिजे, कारण गाडी चालवताना डोळ्यांनी पाहिलेला आकडा कोणत्या आरपीएमचा होता हे लक्षात राहत नाही. बहुतेक गेज ० ते ५ व्होल्टचा अॅनालॉग सिग्नल देतात. समजा या पाच व्होल्टमध्ये १० ते २० हा एअर-फ्युएल रेशो, म्हणजे हवा आणि इंधनाचे वजनातले प्रमाण, मावतो. गेजचे ग्राउंड आणि ईसीयूचे ग्राउंड यांत ०.१ व्होल्टचा फरक पडला की लॉगमधला आकडा ०.२ ने खोटा होतो. हीटर चालू-बंद होताना हा फरक नाचतो. म्हणून सिग्नलचे ग्राउंड ईसीयूच्या ग्राउंडलाच न्यावे. कॅन बसचे डिजिटल आउटपुट असेल तर हा प्रश्नच राहत नाही, आणि ईसीयू ते वाचत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे.

चौथी गोष्ट भारतातल्या ट्यूनरसाठी फार महत्त्वाची. गेज लॅम्डा मोजतो आणि मग त्याला १४.७ ने गुणून एअर-फ्युएल रेशो दाखवतो. हा गुणक शुद्ध पेट्रोलचा. इथेनॉलला मात्र एका किलोला ९ किलोच हवा पुरते. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले, आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवनी त्या इथेनॉलच्या मोठ्या पुरवठादारांपैकी आहेत. या पेट्रोलला खरे प्रमाण साधारण १३.५ लागते. तरी लॅम्डा १ असेल तेव्हा गेज १४.७ च दाखवणार. हे न कळलेला माणूस ‘ई-२० ला १३.५ हवे’ म्हणून गेजवर १३.५ आणून ठेवतो आणि मिश्रण विनाकारण आठ टक्के रिच करून बसतो. लॅम्डात वाचणाऱ्याचा हा घोटाळा होत नाही. पेट्रोल, ई-२०, सीएनजी, काहीही असो, १ म्हणजे १. म्हणून लॅम्डा दाखवणारा गेज घ्यावा आणि लॅम्डातच विचार करायची सवय लावून घ्यावी.

बसवताना

एक्झॉस्टच्या पाइपला एम१८ गुणिले १.५ आट्यांचा बंग वेल्ड करून त्यात सेन्सर बसतो. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. सेन्सर आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर, टोक खाली करून बसवावा. सकाळी गाडी सुरू करताना पाइपमध्ये पाण्याचे थेंब असतात. ७८० अंशांना तापलेल्या सिरॅमिकवर असा थेंब पडला तर ते तडकते. याच कारणाने हीटर इंजिन सुरू झाल्यावर, टप्प्याटप्प्याने तापवणारा कंट्रोलर चांगला. उलट, सेन्सर एक्झॉस्टमध्ये ठेवून गेजची वीज बंद ठेवणे हेही घातक. थंड सेन्सरवर काजळी बसत जाते आणि तो मरतो. गेज काढायचा असेल तर सेन्सरही काढावा आणि बंगला प्लग लावावा.

सेन्सरचे शत्रू ठरलेले आहेत : शिसे, सिलिकॉन आणि जळणारे इंजिन ऑइल. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण गॅस्केटवर लावलेले चुकीचे सिलिकॉन सीलंट आजही सेन्सर खराब करते. सीलंटच्या ट्यूबवर ‘सेन्सर-सेफ’ लिहिलेले आहे का, ते बघूनच लावावे.

आकडा वाचताना

हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. ट्यूनिंगमधल्या निम्म्या फसगती इथूनच सुरू होतात. प्लगने ठिणगी चुकवली तर न जळलेली हवा जशीच्या तशी बाहेर येते आणि गेज ‘लीन’ म्हणतो, सिलिंडरमध्ये पेट्रोल भरपूर असले तरी. सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटला गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज पुन्हा ‘लीन’ म्हणतो. अशा वेळी पेट्रोल वाढवत गेले की बिघाड वाढत जातो. लीन आकडा दिसला की आधी प्लग, कॉइल आणि गळती तपासावी, मग ईसीयूतल्या इंधनाच्या नकाशाला (फ्युएल मॅपला) हात लावावा. अॅक्सिलरेटर सोडल्यावर गेज शेवटच्या टोकाला जातो, तेव्हा घाबरायचे कारण नाही. ईसीयूने इंधन तोडलेले असते आणि पाइपमधून नुसती हवा जात असते.

वेळेचेही भान ठेवावे. वायू सेन्सरपर्यंत येऊन आकडा उमटेपर्यंत काही क्षण जातात. जोरात आरपीएम चढत असताना लॉगमधला आकडा थोड्या मागच्या आरपीएमचा असतो, म्हणून शक्य तिथे डायनोवर आरपीएम स्थिर धरून आकडे घ्यावेत. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीने दिलेल्या रचनेबाहेरचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतात. मोठे ट्यूनिंग ट्रॅकच्या गाडीतच करावे आणि कन्व्हर्टर काढून टाकण्याचा मोह टाळावा. हा सारा शोध मुळात त्या कन्व्हर्टरसाठी लागला.

तेव्हा पैसे कुठे घालायचे याचा क्रम असा : खरा ४.९ सेन्सर, भरवशाचा कंट्रोलर, नीट वेल्ड केलेला बंग, स्वच्छ ग्राउंड आणि लॉगिंग. डायलचा आकार, रंग, सुईचा झगमगाट सर्वांत शेवटी. या क्रमाने निवडलेला साधा गेजही इंजिनाची बातमी खरी देईल, आणि खऱ्या बातमीवर केलेले ट्यूनिंग इंजिन वर्षानुवर्षे टिकवते.